दूध, खवा, भगर आणि अन्न तपासणी: मराठवाड्यातल्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवरात्र जवळ आलं की भगरीचे प्रश्न, दिवाळीच्या तोंडावर खव्याचे, आणि मार्च उलटला की दुधाचे अन् बर्फाचे. ग्राहकांच्या तक्रारी लिहून देण्याचं काम करताना वर्षाचं हे चक्र आता तोंडपाठ झालंय. प्रश्नही बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. शेतकरी आणि दुकानदार यांचेही प्रश्न यात आहेत, कारण तपासणीचा त्रास आणि फायदा दोन्ही त्यांच्या वाट्याला येतो.

दुधाची तक्रार नेमकी कुणाकडे करायची? नगरपालिकेत गेलो तर म्हणतात आमचं काम नाही.

ते बरोबर सांगतात. खाण्यापिण्याच्या वस्तूंचा दर्जा, भेसळ, लेबल हे सगळं राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंध कायदा होता. आता २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे आणि तो ५ ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्ष लागू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक आयुक्त (अन्न) बसतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी फिरतीवर असतात. लोक त्यांना अजून ‘फूड इन्स्पेक्टर’च म्हणतात.

नळाचं, विहिरीचं पाणी असेल तर ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग. काटा, माप यात मारलं असेल तर वैधमापन विभाग. एका दुधाच्या पिशवीबद्दलही तीन कार्यालयं लागू शकतात: पिशवीत दूध कमी भरलं तर एक, दूध पातळ असेल तर दुसरं, आणि डेअरीने शेतकऱ्याचं फॅट खाल्लं तर तिसरं.

फोनवर तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या ॲपवर फोटोसह तक्रार टाकता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. माझा अनुभव असा की क्रमांक मिळालेली तक्रार मागे पडत नाही. तोंडी सांगितलेली पडते.

तक्रारीत काय लिहावं?

“आमच्या भागात भेसळीचं दूध येतं” एवढ्यावर कुणी गाडी काढत नाही, आणि काढली तरी हाती काही लागत नाही. दूध ही सकाळी येऊन नऊच्या आत संपणारी वस्तू आहे. म्हणून वेळ लिहा: टेम्पो किती वाजता येतो, कुठं उभा राहतो, किती कॅन उतरतात, विकणारा सुटं विकतो की पिशवीत. पिशवी असेल तर बॅच क्रमांक, तारीख आणि परवान्याचा १४ अंकी क्रमांक. पिशवी फेकू नका, धुवून ठेवा. दुकान असेल तर पाटीवरचं नाव आणि शेजारची खूण. पावती मिळत असेल तर मागून घ्या.

नाव गुप्त ठेवायचं असेल तर तसं तक्रारीतच लिहा. गावात रतीब एकाचाच असतो आणि तो बहुधा भावकीतला असतो, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक असतं.

मी घरचंच दूध बाटलीत भरून त्यांच्या कार्यालयात नेलं तर तपासून देतील का?

कारवाईसाठी त्या बाटलीचा उपयोग नाही. विकणारा म्हणेल, पाणी तुम्हीच घातलं, आणि त्याला खोटं पाडायला आपल्याकडे काहीच नसतं.

मात्र २००६ च्या कायद्याचं कलम ४० फार कमी लोकांना माहीत आहे. त्यानुसार साध्या ग्राहकालाही ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून, म्हणजे प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडून, वस्तू तपासून घेता येते. अट एवढीच की विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचं: हे मी तपासणीला देणार आहे. अहवालात वस्तू कायद्याला धरून नाही असं निघालं, तर भरलेली फी परत मिळते आणि पुढची कारवाई खात्याची. हे सांगायला जरा छाती लागते, पण दोन-चार घरांनी मिळून केलं तर जमतं. आधी सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन नमुना किती, कशात आणि कसा आणायचा ते विचारून घ्या.

अधिकारी ‘नमुना घेतात’ म्हणजे काय करतात?

हे एकदा नीट बघण्यासारखं असतं. अधिकारी आधी ओळखपत्र दाखवतो, विक्रेत्याला लेखी सूचना देतो आणि साक्षीदाराला थांबवतो. मग कॅनमधलं दूध पळीने वरखाली ढवळतात. साय वर आणि पाणचट दूध खाली राहिलं तर दोन्ही बाजूंनी भांडण होतं, म्हणून हे ढवळणं महत्त्वाचं. चार भागांना पुरेल एवढं, म्हणजे साधारण दोन लिटर दूध घेतात आणि त्याचे पैसे चालू भावाने मोजून देतात. फुकट नेलेला नमुना हा नियमाला धरून नाही.

दूध चार कोरड्या, स्वच्छ बाटल्यांत भरतात. प्रत्येकीत फॉर्मेलिनचे थेंब टाकतात, नाहीतर परभणीच्या मे महिन्यात ते प्रयोगशाळेपर्यंत दूध राहणारच नाही. इथं एक गंमत आहे. दूध टिकवायला गवळ्याने फॉर्मेलिन घातलं तर तो गुन्हा, आणि नमुना टिकवायला अधिकाऱ्याने घातलं तर तो नियम. फरक इतकाच की अधिकारी ते लेबलवर लिहितो आणि ते दूध कुणी पीत नाही. मग बूच, जाड कागदाचं वेष्टन, त्यावर तळापासून वरपर्यंत सहायक आयुक्तांच्या सहीची क्रमांक असलेली चिठ्ठी, दोरा आणि लाखेची सीलं. विक्रेत्याची सही अशी घेतात की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी वेष्टनावर यावी. नंतर कुणी चिठ्ठी बदलली तर सही तुटते.

एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन सहायक आयुक्तांकडे राहतात. चौथा भाग विक्रेत्याने मागितला तर त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. मागायचं असतं हे बहुतेक विक्रेत्यांना माहीत नसतं. दुकानदार वाचत असतील तर लक्षात ठेवा: दोन अहवालांत फरक आला तर राखून ठेवलेला भाग रेफरल प्रयोगशाळेकडे जातो आणि तिथला निकाल शेवटचा.

अहवाल किती दिवसांत येतो?

कायद्याने अन्न विश्लेषकाला १४ दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात सणाच्या आधी नमुन्यांचा ढीग पडतो आणि दिवस वाढतात. दिवाळीची बर्फी खाऊन, ताटं घासून, तुळशीचं लग्न लागून गेल्यावर अहवाल येतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर माझं म्हणणं एवढंच की मोहीम दिवाळीच्या आधी आठ दिवस नको, दीड महिना आधी हवी. संशयास्पद माल अधिकारी तेव्हाच जप्त करू शकतो किंवा दुकानदाराच्याच ताब्यात सील करून ठेवू शकतो. विकता मात्र येत नाही.

आणखी एक: सगळेच नमुने कारवाईसाठी नसतात. ‘सर्वेक्षण नमुना’ बाजाराचा अंदाज घेण्यासाठी असतो, त्यावरून थेट खटला होत नाही. “नमुना घेतला तरी काहीच झालं नाही” अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ इथं असतं. अधिकाऱ्याला तिथंच विचारा, सर्वेक्षणाचा की कायदेशीर.

अहवालात ‘कमी दर्जा’ आलं. म्हणजे आम्ही इतके दिवस विष पीत होतो का?

नाही. अहवालात साधारण तीन शब्द येतात. ‘कमी दर्जा’ म्हणजे ठरलेल्या प्रमाणात माल नाही. गाईच्या दुधात किमान ३.२ टक्के फॅट आणि ८.३ टक्के एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) लागतं, त्याऐवजी एसएनएफ ७.८ निघालं तर ते कमी दर्जाचं. बहुधा पाणी. यात तुमचे पैसे गेले आणि लेकराच्या पोटात कमी गेलं. शिवाय घातलेलं पाणी कुठल्या हौदाचं होतं हा प्रश्न उरतोच. दंड ५ लाखांपर्यंत. ‘मिथ्याछाप’ म्हणजे लेबल खोटं किंवा अपुरं, दंड ३ लाखांपर्यंत. ‘असुरक्षित’ हा शब्द आला तर प्रकरण कोर्टात जातं आणि तुरुंगवास होऊ शकतो. अशा अन्नाने माणूस दगावला तर किमान ७ वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा, वर किमान १० लाख दंड.

हा फरक न कळल्याने देशभर एक मोठा गोंधळ झाला आहे. २०११ मध्ये अन्न सुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने (एफएसएसएआय) १,७९१ नमुने तपासले आणि ६८.४ टक्के निकषात बसले नाहीत. ते बहुतेक पाण्याने पातळ झालेले किंवा फॅट-एसएनएफ कमी असलेले होते. बातमी मात्र “६८ टक्के दूध भेसळीचं” अशी फिरली, आणि आजही फिरते. पुढे २०१८ मध्ये ६,४३२ नमुन्यांचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात युरिया, डिटर्जंट यांसारखी भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. पण अफलाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं ३६८ नमुन्यांत, आणि जनावरांच्या औषधांचे अंश ७७ नमुन्यांत.

हे आकडे मी जवळजवळ प्रत्येक फोनवर सांगतो. आपण शाम्पूच्या दुधाला घाबरत बसतो आणि काळ्या पडलेल्या कडब्याकडे कुणी बघत नाही.

मग युरिया, शाम्पूचं दूध ही अफवाच का?

असे कारखाने पकडले गेले आहेत, महाराष्ट्रातही. त्यामुळे अफवा म्हणता येणार नाही. पण तुमच्या दारात येणाऱ्या दुधात त्याची शक्यता किती, हा वेगळा प्रश्न आहे. “भेसळीच्या दुधाने २०२५ पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कॅन्सर होणार, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा” हा मेसेज तर निव्वळ खोटा होता. केंद्र सरकारने तसा खुलासा केला आहे. २०२५ सरलं तरी तो ग्रुपवर येतच असतो.

घरी कोणत्या चाचण्या करता येतात?

दोन-तीन. गुळगुळीत, तिरप्या फरशीवर थेंब सोडला तर चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं. पाणी घातलेलं भरकन जातं. ही फक्त अंदाजाची चाचणी आहे, गाईचं पातळ दूधही कधी पळतं. पिठाच्या भेसळीसाठी दूध उकळून गार करायचं आणि मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकायचे. निळं झालं तर स्टार्च. ही चाचणी खव्याला, पनीरलाही चालते आणि भरवशाची आहे. डिटर्जंटसाठी दूध आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन बाटलीत जोरात हलवायचं. दाट फेस येऊन तसाच राहिला तर संशय घ्यावा.

फॉर्मेलिनच्या चाचणीला तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागतं. मोबाइलवर बघून ती कुणीही घरात करू नये.

लॅक्टोमीटर विकत घेतला आहे. २८ आलं म्हणजे दूध चांगलं ना?

एवढ्यावरून सांगता येत नाही. लॅक्टोमीटर दुधाचा दाटपणा मोजतो, बाकी काही नाही. फॅट पाण्याहून हलकं, एसएनएफ जड. नुसतं पाणी घातलं की डिग्री उतरते. नुसती साय काढली की डिग्री चढते. दोन्ही केलं की? पुन्हा जिथल्या तिथं. साय काढून, बेताचं पाणी घालून दूध २८ वर आणून ठेवणं हे जुनं कसब आहे. मीठ, साखर, ग्लुकोज घालूनही डिग्री वर ढकलता येते. शिवाय दूध गरम असेल तर आकडा कमी दिसतो. उन्हातून आलेल्या कॅनमध्ये लॅक्टोमीटर बुडवून गवळ्याशी भांडू नका, आधी दूध गार होऊ द्या.

म्हणून डेअरीत डिग्री आणि फॅट दोन्ही बघतात आणि त्यावरून एसएनएफ काढतात. घरी लॅक्टोमीटरचा खरा उपयोग एकच: त्याच गवळ्याचं, त्याच म्हशीचं दूध रोज मोजा आणि वहीत लिहा. आठवड्यात अचानक फरक पडला तर विचारायला आधार मिळतो.

उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहूनही दूध नासलं नाही. म्हणजे दूध चांगलंच की!

याच दुधावर संशय घ्या. पारा ४२ वर असताना वाडीवरून निघालेली कॅन मोटारसायकलवर, ओलं पोतं गुंडाळून, दोन ठिकाणी थांबत तालुक्याला पोचते. ते दूध आंबट होऊ लागतं. मग त्यात खाण्याचा सोडा टाकतात. सोड्याने आंबटपणा मरतो, उकळताना दूध फाटत नाही आणि डेअरीच्या पहिल्या चाचणीतून निसटतं. जंतू मात्र तसेच वाढत राहतात, उलट आंबटपणाचा धाक गेल्यावर जोमाने.

प्रयोगशाळेत हे पकडणं सोपं आहे. परीक्षानळीत थोडं दूध, तेवढंच अल्कोहोल आणि रोझॅलिक ॲसिडचे काही थेंब. चांगलं दूध तपकिरी झाक दाखवतं, सोडा असेल तर नळी गुलाबी-लाल होते. ही चाचणी प्रत्येक संकलन केंद्रावर रोज करता येण्यासारखी आहे. करतात किती ठिकाणी, ते तुमच्या गावच्या केंद्रावर जाऊन बघा.

खरा उपाय गारवा. धार काढल्यापासून दूध शीतकरण यंत्रात पडेपर्यंतचा वेळ कमी करायचा. गावात बल्क कूलर असेल आणि वीज टिकत असेल तर सोड्याची गरजच पडत नाही.

उकळल्यावर सगळं मरतं ना?

जंतू मरतात. सोडा, युरिया, औषधांचे अंश आणि अफलाटॉक्सिन जसंच्या तसं राहतं.

हे अफलाटॉक्सिन दुधात येतं कुठून? आम्ही तर काहीच घालत नाही.

वैरणीतून. भिजलेला कडबा, कोंदट खोलीतली सरकी पेंड, भुईमुगाची पेंड, नीट न दाबलेला मुरघास, बाजारात न विकला गेलेला काळा मका. माणसाने खाऊ नये म्हणून जनावराला घातलेलं बुरशीचं धान्य दुधातून आपल्याच घरी परत येतं. जनावराच्या पोटात गेलेलं विष रूप बदलून एक-दोन दिवसांत दुधात उतरतं. कायद्याने मर्यादा आहे किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे डोळ्याला, जिभेला, लॅक्टोमीटरला कशालाही न कळणारी. बुरशीची वैरण बंद केली की काही दिवसांत दुधातलं प्रमाणही उतरतं.

आपल्याकडे परतीचा पाऊस कापणीच्या वेळीच गाठतो आणि गंजी भिजतात. पेंडीची पोती भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका. खाली फळ्या टाका. उकिरड्यावर टाकायची वैरण उकिरड्यावरच टाका. महाग वाटतं, पण तेच बरं.

औषधाचंही तसंच. दगडीवर (कास सुजण्याच्या आजारावर) गाईला प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं की किती दिवस दूध डेअरीत घालायचं नाही हे औषधाच्या लेबलवर असतं. डॉक्टरांना विचारा.

डेअरीत आमचं फॅट मुद्दाम कमी लावतात. हे कुणाकडे न्यायचं?

दूध उत्पादकांचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त राग आहे. २०२३ मध्ये शासनाने दूधभेसळ रोखण्यासाठी अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समित्या नेमल्या. पोलीस, अन्न प्रशासन, दुग्धविकास, पशुसंवर्धन आणि वैधमापन हे सगळे त्यात आहेत. काटा आणि फॅटचं मशीन यांची तक्रार तिथं लेखी द्या. सोबत आठ-दहा दिवसांच्या स्लिपा लावा. शक्य असेल तर त्याच दुधाचा नमुना त्याच दिवशी दुसऱ्या केंद्रावर लावून ती स्लिपही जोडा. एकाच्या अर्जाला वजन नसतं, दहा जणांच्या असतं.

खवा कुठून घ्यावा? आणि ओळखावा कसा?

मराठवाड्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचं मला नवल वाटतं. भूम, वाशी हा भाग खव्यासाठीच ओळखला जातो आणि कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. तरीही दिवाळीच्या आधी खासगी बसच्या डिकीतून परप्रांतातला ‘स्पेशल बर्फी’ नावाचा माल येतो आणि आपल्याच शहरातल्या मिठाईत जातो. कारण एकच, किलोमागे पडणारा फरक.

चांगला खवा तळहातावर चोळला की तूप सुटतं, दुधाचा वास येतो आणि कण रवाळ लागतात. वनस्पती घातलेला चिकट, मेणचट लागतो. कायद्याप्रमाणे खव्यात कोरड्या वजनाच्या किमान ३० टक्के दुधाचं फॅट हवं, ते मोजणं प्रयोगशाळेचं काम. घरी आयोडीनची चाचणी करा. जिथं भट्टी लागते तिथूनच घेता आला तर सगळ्यात उत्तम, आणि उन्हात पिशवीत घेऊन फिरू नका. चांगला खवाही उन्हात लवकर बिघडतो.

सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. दिसली नाही तर विचारा.

भगरीने विषबाधा होते ती नेमकी कशामुळे? आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या खातो.

मराठवाड्यात जवळजवळ दर नवरात्रात, महाशिवरात्रीला कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून ही बातमी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एकादशीच्या महाप्रसादानंतर शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ताटात भगर होती.

दोष बहुतेक वेळा बुरशीचा असतो. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते, ती विष तयार करते, आणि ते शिजवल्याने जात नाही. मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं ही लक्षणं. दाण्यापेक्षा पीठ जास्त धोक्याचं, कारण पीठ ओलावा पटकन धरतं आणि दळल्यावर बुरशीचा वास-रंग काहीच ओळखू येत नाही. गेल्या उपवासाचं उरलेलं पीठ डब्यात राहतं आणि पुढच्या उपवासाला बाहेर निघतं. दुकानातही तसंच: मागच्या नवरात्राचं पोतं तळाशी, नवं वरून.

त्यामुळे सुटी भगर आणि सुटं पीठ टाळा. पाकीटबंद, तारीख आणि बॅच असलेली घ्या. निवडा, दोन-तीनदा धुवा, भिजवून पाणी फेका. पीठ हवं तर घरीच दळा आणि त्याच दिवशी संपवा. बिलाशिवाय घेऊ नका. विषबाधा झाल्यावर भगर कुठल्या दुकानातून, कुठल्या ठोक व्यापाऱ्याकडून आली हे शोधायला बिल हाच एक धागा असतो, आणि दरवेळी तो तिथंच तुटतो. किराणा दुकानदाराला हे ऐकायला आवडत नाही, पण सुट्या मालाचं खरेदीबिल ठेवणं त्याच्याही फायद्याचं आहे. बिल असलं की दोष वरच्या व्यापाऱ्याकडे जातो, नसलं की त्याच्याच गळ्यात पडतो.

सप्ताह, भंडारा, गणेश मंडळाचा प्रसाद, यालाही परवाना लागतो?

कायद्यात नफा होतो की नाही हा निकष नाही, म्हणून नोंदणी अपेक्षित आहे. गावोगावच्या सप्ताहात कुणी ती करत नाही हेही खरं. निदान एवढं करा: आचारी नोंदणी असलेला बघा, सामानाची बिलं ठेवा, पाण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलं का याची चाचणी, करा, आणि प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून वेगळी ठेवा. सकाळी शिजवलेली आमटी-भगर संध्याकाळच्या पंगतीला वाढू नका.

जेवणानंतर लोकांना उलट्या सुरू झाल्या. आधी काय करायचं?

१०८ ला फोन, प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप. मग एक माणूस स्वयंपाकाच्या जागी उभा करा आणि काहीही धुवू देऊ नका. लाज वाटते म्हणून लोक घाईने पातेली घासतात, उरलेलं जनावरांना घालतात, आणि पुरावा तिथंच संपतो. उरलेलं अन्न, रिकामी पाकिटं, पिण्याचं पाणी जसंच्या तसं ठेवा. कोण काय जेवलं आणि कोण न जेवता ठणठणीत राहिलं याची यादी करा. दुसरी यादी पहिलीइतकीच कामाची असते. नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे: मृत्यू झाल्यास किमान ५ लाख, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत.

हॉटेलातलं पनीर खरं असतं का?

स्वस्त असेल तर विचारायला हवं. वनस्पती तेलापासून केलेला, पनीरसारखा दिसणारा ‘ॲनालॉग’ विकायला बंदी नाही. पनीर म्हणून विकायला आहे.

रसवंतीचा बर्फ आणि थंड पाण्याचे जार?

खाण्याचा नसलेला बर्फ निळा करावा असा राज्यात २०१८ पासून आदेश आहे. रसवंतीवर निळसर लादी दिसली तर रस पिऊ नका आणि फोटो काढा. पांढरी दिसली म्हणजे ती खाण्याचीच, असंही समजू नका. कुठून आणली ते विचारा.

जारची गोष्ट अवघड आहे. टंचाईमुळे आपल्याकडे लग्नापासून कार्यालयापर्यंत जारशिवाय चालत नाही. पण सील नसलेला वीस लिटरचा थंड जार म्हणजे ‘बाटलीबंद पाणी’ नव्हे. तो नुसता गार केलेला असतो, शुद्ध केला असेलच असं नाही. पाणी जिल्हा आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतं.

मी छोटा दुकानदार. अधिकारी आला की काय विचारायचं, आणि पैसे मागितले तर?

ओळखपत्र, लेखी सूचना, नमुन्याचे पैसे, जप्तीची यादी. चारही मागणं तुमचा हक्क आहे. तपासणीत सुधारणा सुचवल्या असतील तर आधी सुधारणा नोटीस येते आणि मुदत मिळते, एकदम कुलूप लागत नाही. अहवाल विरोधात गेला तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करा. बरेच जण हे दिवस ‘कुणाला तरी सांगून मिटवू’ म्हणत घालवतात. लाच मागितली तर १०६४. विनाकारण छळणाऱ्या अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र अधिकाऱ्यावर खोटी तक्रार केली तर तक्रारदारालाही किमान ५० हजार दंड आहे, तेव्हा रागाच्या भरात लिहू नका.

तक्रार करून तीन महिने झाले, काहीच कळलं नाही.

आधी तक्रार क्रमांक घालून सहायक आयुक्तांना स्मरणपत्र. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. अर्जात “काय कारवाई केली” असं मोघम विचारलं की “कार्यवाही सुरू आहे” असं तितकंच मोघम उत्तर येतं. असं विचारा: अमुक तारखेच्या तक्रारीवर तपासणी कोणत्या दिवशी झाली, नमुना घेतला का, तो सर्वेक्षणाचा की कायदेशीर, विश्लेषकाकडे कोणत्या तारखेला गेला, अहवाल कोणत्या तारखेला आला, त्याची प्रत द्या. उत्तराला ३० दिवस.

हे सगळं लवकर करायचं कारण २००६ च्याच कायद्याचं कलम ७७. गुन्ह्याच्या तारखेपासून साधारण वर्षाच्या आत प्रकरण कोर्टात जावं लागतं. अन्न सुरक्षा आयुक्तांनी कारण नोंदवून परवानगी दिली तर तीन वर्षांपर्यंत वाढतं, पण तशी परवानगी तुमच्या गल्लीतल्या दुधासाठी कुणी मागायला जाईल असं धरून चालू नका.